मुक्काम पापनाशम

"तिथंच थांब!" सेतुराम ओरडला. "आत पाऊल टाकू नको!"

चंद्रमती काखेत चटई आणि हातात चंबू घेऊन परसाकडच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी होती. सकाळीच कावळा शिवला होता. दर महिन्याला दूर बसायची तिची खोली ती हीच, आणि आज तिच्यात तिचा नवरा धोतराचा काचा मारून, हातात खडू घेऊन रांगत होता.

भुईभर खडूच्या रेघा. मधोमध कागदाला कागद डकवून केलेला मोठा नकाशा. सेतुराम कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढायचा, त्यामुळं रेघ कशी अगदी साफ. नकाशात चारी भिंतींना धरून सुताराकडून करून घ्यायची लाकडी मांडणी, तिच्यावर खेळण्यातल्या रेलचे रूळ. खिडकीखाली तंजावूर, समोरच्या कोपऱ्यात कुंभकोणम, मध्ये पापनाशम. कावेरीच्या जागी आरसा बसवायचा होता. पापनाशमच्या फलाटावर त्यानं केळी विकणारी बाईसुद्धा काढली होती, डोक्यावरच्या टोपलीसकट. नकाशा उडू नये म्हणून त्यावर मद्रासहून आणलेलं विलायती इंजिन ठेवलं होतं, किल्लीवर चालणारं.

"ही खोली कसाला घेतली?" चंद्रमतीनं विचारलं.

"रिकामीच पडलीय की गे. महिनाभर कोण येतं हिच्यात?"

रिकामी! चंद्रमतीच्या मस्तकात तिडीक गेली. एरवी पहाटेपासून चंद्रा कॉफी, चंद्रा पूजेचं पाणी, चंद्रा माझा सदरा कुठं आहे. या तीन दिवसांत मात्र तिला कोणाची हाक नसे. ती पाठ टेकून छताकडं बघत पडे. एवढ्या मोठ्या घरात तिची म्हणावी अशी जागा ही एकच, आणि तीसुद्धा विटाळाच्या नावानं मिळालेली.

तिची नजर कोनाड्याकडं गेली. तिथं तिची वेगळी थाळी असायची. आता कोनाड्याभोवती खडूची कमान होती.

"माझी थाळी?"

"विहिरीपाशी आहे. काठीनं सरकवत नेली. तिथं बोगदा होणार."

"पापनाशमच्या वाटेवर बोगदा? सगळी भाताची शेतं. डोंगर कुठं पाहिलात तुम्ही?"

"कोनाडा आहे ना आयता," सेतुराम पुटपुटला.

"आणि मी कुठं निजू?"

आता त्याचा चेहरा खुलला. "त्याचा विचार केलाय मी! मांडणी मुद्दाम उंच धरलीय. खाली तू ऐसपैस निजशील. शिवाय तुझे तीन दिवस गाडी बंद. आणखी काय करायचं माणसानं?"

रेलखाली! मांजरसुद्धा विचार करील.

"दाखवा," ती म्हणाली. "ह्यात मला कुठं काढलंय, दाखवा."

सेतुरामनं नकाशावरून बोट फिरवलं. फाटक होतं, सिग्नल होता, केळीवाली होती. "खालचं असतं ते नकाशात दाखवत नाहीत गे," तो म्हणाला.

घरातून सासूबाईंचा, वेंकूबाईंचा आवाज आला. "सेतू! ती दूर बसलीय ना? तू काय करतोस तिथं? आणि तो रामस्वामी सुतार येऊन ओट्यावर बसलाय!"

"आलो अम्मा!" सेतुराम नकाशाकडं वळला. "सरक गे जरा. एवढा कागद उचलतो, मग बस तू."

तो वाकला. पण चंद्रमतीनं उंबरा ओलांडला आणि ती चटई-चंब्यासकट नकाशावर जाऊन बसली. नेमकी पापनाशमवर. पाय तिनं कुंभकोणमपर्यंत पसरले.

सेतुराम विंचू दिसल्यासारखा मागं उडाला आणि भिंतीला घासत कसाबसा दाराबाहेर पडला. "शिवलीस! कागद शिवलास तू!"

"हो, शिवले. तंजावूर शिवलं, कुंभकोणम शिवलं, तुमची केळीवालीपण शिवली."

"अम्मा! ये गे, हिला सांग!"

वेंकूबाई मागच्या दारापर्यंत आल्या. सुनेशी त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं. त्यांनी लांबूनच सगळं पाहिलं. "मला काय सांगतोस? शिवली ती शिवली. भांडं असतं तर घासून घेतलं असतं. कागद धुता येतो का?" आणि आत वळता वळता म्हणाल्या, "त्या सुताराला जा म्हणते."

सेतुराम रडकुंडीला आला. "निदान ते इंजिन तरी सोड गे. तसलं पुन्हा मिळायचं नाही!"

चंद्रमतीनं इंजिन उचललं. आजवर या दिवसांत ज्याला हात लावला ते धुवावं नाहीतर टाकावं लागलं म्हणून ती बोलणीच खात आली होती. आज तिनं मुद्दाम, पाची बोटांनी, चाकांपासून धुराड्यापर्यंत ते चाचपून पाहिलं. मग किल्ली दिली. कर्र, कर्र, शेवटपर्यंत. आणि तोंड दाराकडं करून भुईवर सोडलं.

इंजिन खडखडत निघालं. खडूची कावेरी ओलांडून ते थेट दाराबाहेरच्या सेतुरामच्या रोखानं गेलं. तो धोतर वर धरून पायरीवरून परसात उडी मारून उतरला. उंबऱ्यावर आपटून इंजिन कलंडलं, चाकं हवेत गरगरू लागली.

तो पुन्हा पायरी चढला, वाकला. त्याचा हात इंजिनापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यानं तो मागं घेऊन धोतराला पुसला. अजून शिवलाही नव्हता.

चाकं थांबली.

"चौथ्या दिवशी या," चंद्रमती म्हणाली, आणि चटई न उलगडताच पापनाशमवर आडवी झाली.