कुणाची हरकत नाही

"कुणाची हरकत नव्हती, असं कसं लिहिलंत?"

एका बेटावरच्या देशाचा प्रतिनिधी धापा टाकत सचिवालयाच्या टेबलापाशी उभा होता. हातात कराराच्या नव्या मसुद्याचा कागद, नुकताच छापलेला, अजून कोमट.

टेबलामागची अधिकारी सोळा वर्षं हवामान परिषदांच्या नोंदी ठेवत होती. ती म्हणाली, "ती ओळ गाळायला हरकत आहे का, असं अध्यक्षांनी तीनदा विचारलं. कुणीच काही बोललं नाही."

"आमच्या देशाचा मी एकटाच आहे, मॅडम. मी चार नंबरच्या दालनात बसून होतो. बैठक तिथंच होती ना?"

"नऊ नंबरला हलवली. सूचना पडद्यावर लावली होती."

"कधी?"

ती सूचना तिनेच लावली होती. "सहा मिनिटं आधी," ती म्हणाली.

मसुद्यातून गेलेलं वाक्य एवढंसंच होतं: ज्यांची जमीन समुद्राखाली जाईल, त्यांना दुसऱ्या देशात वस्तीचा हक्क राहील. त्या एका ओळीसाठी तो नऊ वर्षं खेटे घालत होता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. थोरली बहीण. ती गावच्या शाळेत शिकवायची. मोठ्या भरतीला हल्ली मुलं बाकांवर पाय घेऊन बसत. "राहिली ना रे आपली ओळ?" तिचा आवाज टेबलापर्यंत आला.

"थांब अक्का, बोलतोय," म्हणून त्याने फोन ठेवला. "परत घाला ना ती, मॅडम. तुमच्या हातातलं आहे."

"आमच्या हातात काही नसतं. आम्ही फक्त लिहून घेतो." हे ती इतक्यांना सांगत आली होती, की आपोआप तोंडातून निघालं. मग तिचा आवाज खाली आला. "तुमची खुर्ची रिकामी दिसली मला. मी उगाच कागद चाळत दोन मिनिटं काढली. दाराकडे बघत होते."

"माणूस यायचाय, एवढं तरी सांगायचंत."

"आम्हाला तिथे बोलता येत नाही."

तो नऊ नंबरच्या दालनात शिरला. तीही मागोमाग गेली. व्यासपीठ रिकामं होतं. दोन कामगार टेबलांवरचे पेले गोळा करत होते. त्याने आपली खुर्ची शोधली, बसला, आणि समोरची देशाच्या नावाची पाटी उचलून उभी धरली. बोलायची परवानगी मागायची तिथली रीत तीच.

कामगारांनी तिच्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत ती कुठल्याही दालनात एक अक्षर बोलली नव्हती.

"बोला," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. "आमची हरकत आहे." बोलून झालं, तरी त्याने पाटी खाली ठेवली नाही.