ऑफिसची खोली

मयूरी कुंभारवाड्यातल्या घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करते. घरात रेंज येते ती फक्त देवघरात, आणि पाळीच्या चार दिवसांत तिची आई सुमंगलाताई तिला तिथे पाऊल टाकू देत नाहीत. दर महिन्याला काम अडतं. या वेळी कंपनीने कळवलं, बेंगळुरूला या, नाहीतर नोकरी सोडा.

मी घरं बांधून देते, म्हणून तिच्या वडिलांनी घराला जोडून ऑफिसची खोली काढायला मला बोलावलं. रेंज शोधत, फोन हातात धरून मी पडवी, परस, गोठ्यामागची जागा, सगळीकडे फिरले. मयूरी माझ्या पाठोपाठ.

"आली काय अक्का?"

कुठेच आली नाही. शेवटी देवघरात शिरले, आणि फोन टणटण वाजायला लागला.

"मग नवी खोली बांधून उपेग काय?" तिचे वडील म्हणाले.

"हितंच टेबल टाकूया की," मयूरी म्हणाली. "पण मग मी रोज बसणार. त्या चार दिवसांतबी."

"आनि देवाला काय सांगू मी?" सुमंगलाताई कडाडल्या.

"सांग, पोरगी बेंगळुरूला गेली म्हणून." मयूरी बॅग भरायला आत निघून गेली.

सुमंगलाताईंनी देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.


"बाई, नवी खोली देवासाठी काढा. त्याला कुठं रेंज लागतीया?"