वर्गाचा नियम

कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. माझी बायको कस्तुरा वर्गातच कोसळून वारली, हे मला त्यामुळे शिफ्ट सुटल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

ती तिसरीला शिकवायची, धड्यांची नाटकं करून. नाटकात मेलेला माणूस मुलांनी टाळ्या वाजवल्या की उठायचा, असा तिच्या वर्गाचा नियम होता.

आठवड्याने तिच्या वर्गातली आम्रपाली आईबरोबर घरी आली.

"काका, बाई पडल्या तेव्हा आम्ही सुट्टी होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. लई जोरात. कमी पडल्या का?"

"गप गं," तिची आई म्हणाली.

मुलांची काही चूक नव्हती, हे शाळेत जाऊन त्यांना सांगायचं आहे. दोन महिने झाले. अजून गेलेलो नाही.