पाठीवरचा कागद

औषधांच्या दुकानात भरदुपारी दोन गिऱ्हाइकं होती. शिवणकाम करणाऱ्या बाई महिन्याच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या आणि निवृत्त कंडक्टर खोकल्याच्या औषधावरून घासाघीस करत होते. तेवढ्यात दुकानदाराची बायको आत आली. पायात नवे बूट, अंगात पिवळा टी-शर्ट, चेहरा उन्हानं लालबुंद. ती काउंटरच्या आत गेली नाही. गिऱ्हाइकासारखी बाहेरच उभी राहिली.

"टाचेला फोड आलाय. चिकटपट्टी द्या," ती म्हणाली. "एकतीस किलोमीटर झाले. एकोणीस राहिले."

दुकानदार खुश झाला. औषधं विकून विकून गल्लीत तो 'डॉक्टर' झाला होता आणि त्यानं कधी कुणाची ती चूक दुरुस्त केली नव्हती. मानसिक आजारांच्या पेशंटसाठी काम करणारी एक संस्था निधी जमवायला लोकांना पन्नास किलोमीटर चालवणार होती. बायको त्यात चालते म्हणाल्यावर त्यानं आडकाठी केली नव्हती. उलट सकाळपासून येईल त्याला तो कौतुकानं सांगत होता.

"बघा, बाई! या वयात हा उत्साह," तो म्हणाला.

बाईंची नजर त्याच्या बायकोच्या पाठीवर खिळली होती. बायको बूट काढायला पायरीवर बसली आणि मग त्यालाही ते दिसलं. पाठीवर चार टाचण्यांनी लावलेला कागद. त्यावर जाड पेनानं लिहिलं होतं: 'ही माझी आई. माझ्यासाठी चालतेय. मी वॉर्ड नंबर सातमध्ये आहे.'

अक्षर मुलीचं होतं. तिचा तो लांब शेपटीचा 'झ' त्यानं तिच्या पाटीवर गिरवून घेतला होता.

"हे लावून कुठून आलीस?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"बाजारातून. शाळेवरून. तुमच्या भावाच्या दारावरून."

"आत चल. आत्ता."

"मला पट्टी हवीय."

कंडक्टरांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. "पण वहिनी, मुलगी तर परगावी ट्रेनिंगला गेलीय ना?"

"हो हो, ट्रेनिंगलाच," दुकानदार घाईघाईनं म्हणाला. "ते काय, संस्थावाले सगळ्यांनाच असले कागद देतात."

"नाही," बायको म्हणाली. "तीन महिने ती वॉर्डात आहे. रविवारी घरी येतेय. आणि हा कागद तिनं स्वतः मागून घेऊन लिहिलाय."

"हळू बोल!"

"वर्षभर हळूच बोलतेय मी." ती एका पायात बूट, एक पाय मोकळा, तशीच उठून उभी राहिली. "तिच्या गोळ्या कुठून आणायचे मी, सांगा ना यांना. दोन बस बदलून, नदीपलीकडच्या दुकानातून. इथं चिठ्ठीवर तिचं नाव कुणी वाचलं तर तुमची अब्रू जाईल म्हणून. मग बसवाल्यांचा संप झाला. मी तुमच्या पाया पडले. म्हटलं, दुकानातून एक पाकीट आणा. तुम्ही म्हणालात, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. चार दिवस ती गोळीशिवाय राहिली. पाचव्या दिवशी बाथरूमचं दार फोडावं लागलं." तिनं काउंटरकडे बोट केलं. "आणि गोळी इथं होती. तुमच्या डाव्या हाताशी."

बाईंसाठी काढलेली पाकिटं काउंटरवर तशीच पडली होती. दुकानदारानं नकळत त्यांच्यावर हात ठेवला.

"तिच्याच भल्यासाठी केलं ना मी! बँकेत कळलं असतं तर नोकरी राहिली असती का तिची?"

"बँकेला तिनं मागच्या आठवड्यात पत्र लिहून कळवलंय. सगळं. बँकेला सांगायचं धाडस झालं तिला. तुमच्याशी बोलायचं होत नाही."

तो काउंटरची फळी उचलून बाहेर आला आणि त्यानं तिच्या पाठीवरच्या कागदाला हात घातला. एक टाचणी निघाली. कोपरा टरकन फाटला.

ती गर्रकन वळली. "हात लावून बघा पुन्हा."

सत्तावीस वर्षांत तिनं हा आवाज काढला नव्हता. त्याचा हात खाली आला.

कंडक्टरांनी औषधाची बाटली न घेताच काढता पाय घेतला. बायकोनं बरणीतून पट्टी स्वतःच काढली, टाचेला चिकटवली, बुटाची नाडी करकचून आवळली. फाटलेला कोपरा तसाच लोंबत होता. ती लंगडत रस्त्यावर उतरली आणि मागून येणाऱ्या पिवळ्या घोळक्यात चालू लागली.

"घरी ये, मग बघतो तुला!" तो ओरडला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. घोळक्यातल्या तिघाचौघांनी पाहिलं. समोरच्या सलूनवाल्यानं पाहिलं. दुकानदारानं दात-ओठ खात शटर खाली ओढलं. ते जमिनीपासून हातभर वर अडकलं आणि काही केल्या हलेना. खालच्या फटीतून रस्त्यावरचे पाय तेवढे दिसत होते. बूट, चपला, पुन्हा बूट. संपता संपत नव्हते.

मग त्याच्या लक्षात आलं, शिवणकामवाल्या बाई अजून आतच उभ्या होत्या.

"माफ करा हं," तो घाम पुसत म्हणाला. "घरातलं दुकानात आलं. तुम्ही मनावर घेऊ नका."

बाईंनी काउंटरवरची पाकिटं उचलली. गोळ्यांचं नाव वर दिसेल अशी, एकेक करून पर्समध्ये ठेवली.

"आठ वर्षं याच गोळ्या नेतेय मी तुमच्याकडून," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर माझ्याबद्दल काय म्हणत होता, डॉक्टर?"