भाड्याने की कायमचा?

"भाड्याने की कायमचा?" कारकून बाईने विचारलं.

निकोलासाला वाटलं, घराचंच विचारतायत. इतकी वर्षं तिच्या कानांवर दुसरं काही पडलंच नव्हतं. पण ही दफनभूमीची कचेरी होती आणि प्रश्न शवपेटी ठेवायच्या भिंतीतल्या कोनाड्याचा होता. तिचा नवरा सिल्व्हेरियो काल दुपारी आपल्याच घराच्या जिन्यात छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. आता त्याची शवपेटी बाहेर अंगणात टेकवून ठेवली होती आणि त्याला जागा हवी होती.

"कायमचाच घे, काकू," पुतण्या विल्बर म्हणाला. "कोनाड्यांचे भावही चढतायत." काकाच्या तालमीत तयार झालेला गडी तो, दुसरं काय सुचणार.

एल आल्तो शहराच्या माळावर सिल्व्हेरियोने चार मजली घर बांधलं होतं. बाहेरून हिरवा आणि नारिंगी रंग, खिडक्यांना आरशासारख्या काचा. तळमजल्यावर नवराबायको राहत आणि दारात शेंगदाण्याचं सूप विकून पोट भरत. वरचे तीन मजले रिकामे. शिंपी आला, विद्यार्थी आले, दातांची एक डॉक्टरीण तर तीनदा येऊन गेली. सिल्व्हेरियोने सगळ्यांना वाटेला लावलं. "भाडेकरू बसलेलं घर कोण घेतं? एकदा शिरला की निघत नाही. थांब निको, केबल कार येऊ दे, मग बघ भाव." केबल कार आली, भाव वाढला. मग म्हणाला, मोठा बाजार येऊ दे. तोही आला, भाव आणखी वाढला. एक मात्र कबूल करायला हवं, भावाच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात कधी चुकला नाही.

निकोलासाला काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब रोज घालायचे, खंड पडू द्यायचा नाही. थेंब महाग होते आणि सुपाच्या पैशांत बसत नव्हते. "एक खोली भाड्याने देऊ या," ती म्हणाली. "एकच. थेंबांपुरती." सिल्व्हेरियोने तिचा हात हातात घेतला. "असल्या चिल्लर गोष्टींसाठी घराचं वाटोळं करू नकोस गं. घर विकलं की तुला चिलीला नेतो, मोठ्या डॉक्टरकडे. दोन्ही डोळे नवेकोरे करून आणू." तो खोटं बोलत नव्हता. हेच तर वाईट होतं.

दर जानेवारीच्या जत्रेत लोक आपल्याला हवं असेल त्याची चिमुकली प्रतिकृती घेतात आणि ते खरोखर मिळावं म्हणून भर दुपारी तिला धूप दाखवून आणतात. कोणी खेळण्यातली मोटार घेतो, कोणी बाहुल्याएवढं बाळ. सिल्व्हेरियो घर घ्यायचा, दर वर्षी थोडं उंच. यंदा त्याने ते निकोलासाच्या मांडीवर ठेवलं. "सांग, किती मजले?" तिने बोटांनी चाचपून मोजले. त्याने ते पाहिलं. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नसते, इथेही नाही आणि चिलीतही नाही. रोज संध्याकाळी सिल्व्हेरियो तिला घराचा चढता भाव सांगायचा, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सांगितला नाही.

"घराचं गिऱ्हाईक बाहेर थांबलंय, काकू," विल्बर आता तिच्या कानाशी लागला. "इसार घेऊनच आलंय. तू फक्त अंगठा दे. त्यातून काकाला कायमची जागा होईल, आणि तू आमच्याकडे राहा. एवढ्या मोठ्या घरात आंधळी बाई एकटी काय करणार?"

निकोलासा कारकून बाईकडे वळली. "भाड्याचा घेतला तर?"

"पाच वर्षं, आजी. पुढे भाडं भरलं नाही तर कोनाडा रिकामा करतो आणि हाडं घरच्यांच्या ताब्यात देतो."

"काकाला बाहेर काढणार?" विल्बर ओरडला. "लोक तोंडात शेण घालतील आपल्या!"

निकोलासाच्या माहेरी फळीवर पणजोबांची कवटी होती. तशी ती तिकडे पुष्कळ घरांत असते. आई तिच्यापुढे कोकाची पानं ठेवायची, सिगारेट पेटवून द्यायची, घरातल्या म्हाताऱ्याला सांगावं तसं सगळं तिला सांगायची. आई गेल्यावर निकोलासाने ती कवटी आपल्याकडे आणायचं काढलं, तेव्हा सिल्व्हेरियो पोट धरधरून हसला होता. "फुकटात राहणारा भाडेकरू? तो तर मुळीच नको!" कवटी भावाकडे गेली.

काल रात्रभर ती रडली होती. नवऱ्यासाठी किती आणि डोळ्यांसाठी किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिला त्याचा राग होता आणि त्याच्यावाचून घर खायला उठत होतं, दोन्ही एकाच वेळी.

"भाड्याचाच द्या," ती म्हणाली. "आणि विल्बर, त्या माणसाला जायला सांग. घर विकायचं नाही."

"म्हणजे आता भाड्याने देणार? या वयात?"

"आता कशाला? थेंबांचं काम संपलं."

"मग त्या तीन मजल्यांचं करणार काय तू?"

निकोलासाने चाचपत टेबलाची कड धरली.

"पाच वर्षांनी तुझ्या काकाला घरी घेऊन येईन. हवी ती खोली निवडू दे त्याला. भाडं मी मागणार नाही."