बिनपाटीची खानावळ

दौंडला गाडी बदलणारे प्रवासी फलाटावरचा गार वडा खाऊन पुढं जातात. जेवणातलं ज्यांना कळतं, ते रेल्वे कॉलनीमागं सरूबाईच्या खानावळीत बसतात. तिथं पाटी नाही, फोन नंबरही नाही.

पुण्याच्या रविराजनं ही जागा हुडकली आणि व्हिडिओसाठी मोबाईल काढला, तसा रोज तिथंच जेवणाऱ्या हनुमंतमामांनी त्याचा हात धरला.

"पाव्हणं, बाईनं पाटी लावली न्हाई, ते उगं न्हाई. नवरा तिला पेटवायला निघाला तवा पळून आलीया. अजून हुडकतोय तिला."

"मामा, चेहरा अजिबात दाखवणार नाही. पण ही चव काय तुम्हीच चाखायची का?"

"चव दाखवा. बाई दाखवू नका."

रविराज शब्दाला जागला. अख्ख्या व्हिडिओत सरूबाईचं तोंड नाही, आवाज नाही, नाव नाही. दिसतात ते बाजरीची भाकरी थापणारे दोन हात आणि कॉलनीमागचा रस्ता. खाली लोकांनी भरभरून लिहिलं. कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं, कुणाला आई आठवली.

 

सकाळी त्यात एकाची भर पडली : "हातावर गोंदलंय ते नाव माझं हाय. येतो जेवायला."