परतीचं ऊन

"अहो ताई, आमच्या समोरचा पत्रा तेवढा आधी घासा ना!" चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तनुजा ओरडली. तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता.

समोरच्या ऑफिस-इमारतीवर दोराच्या पाळण्यात बसलेल्या वृषालीने मान हलवली. "वरून खालीच यावं लागतं, बाई. नाहीतर वरचा मळ ओघळून खालचा पत्रा पुन्हा खराब होतो. तुमच्यापर्यंत यायला दिवाळी उजाडेल."

"तोवर हा उभा कसा राहणार? डॉक्टर म्हणतात हाडं मऊ पडलीत, ऊन द्या. कुठून देऊ?"

टॉवरांच्या गर्दीत या गल्लीला स्वतःचं ऊन उरलंच नव्हतं. समोरच्या इमारतीच्या अंगावरचे पत्रे परत पाठवतील तेवढंच मिळायचं, आणि तेही आता धुराने काळवंडले होते.

वृषालीने पाळणा सरळ खाली घेतला. तनुजाने बोटाने दाखवलेला, अगदी समोरचा पत्रा तिने घासून लख्ख केला.

ऊन परतलं खरं, पण तिरकं उतरून खालच्या मजल्यावर शेजवळकाकूंच्या कुरडयांवर जाऊन पडलं. वृषालीने कपाळावर हात मारला. वरचा घासायला हवा होता.

"घ्या! नेमकं यांच्याकडे!" तनुजा पुटपुटली. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून दोघींचा वर्षभर अबोला होता.

काकूंनी वर पाहिलं, मग कुरडयांचं ताट ओढून सावलीत सारलं.

"आणतेस का त्याला, की मीच वर येऊ? आणि अंगातलं काढूनच आण. हे ऊन काय दिवसभर थांबणार आहे?"